लिमिट सोडवायचं कसं: लिमिटचे नियम कुठं चालतात आणि कुठं चालत नाहीत

सोलापुरात दहावीपर्यंत कोणी मराठी माध्यमातनं शिकलेलं असतं, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, कोणी उर्दू, आणि अकरावी सायन्सला सगळे एकाच वर्गात इंग्लिशमधनं गणित शिकायला बसतात. सुरुवातीला त्रिकोणमिती, रेषा, वर्तुळ असलं ओळखीचं काहीतरी चालू असतं म्हणून निभावून जातं, पण बोर्डाच्या भाग २ च्या पुस्तकात सातवं प्रकरण लिमिट्सचं येतं आणि तिथं गाडी अडते. पुढचं आठवं कंटिन्युइटी आणि नववं डिफरन्सिएशन, दोन्ही याच्याच जिवावर उभी आहेत, म्हणजे इथं कच्चं राहिलं की बारावीत त्याचा त्रास होणारच. हा लेख त्या पोरापोरींसाठी आहे, डिप्लोमा किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल तरी चालेल. वही-पेन घेऊन बसा, नुसतं मोबाइलवर वाचत गेलात तर सगळं कळल्यासारखं वाटेल आणि पेपरात हात चालणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लिमिटचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात, बेरजेचं लिमिट म्हणजे लिमिटची बेरीज वगैरे वगैरे. मार्क जातात ते नियमाच्या शेपटीला लावलेली अट कोणी वाचत नाही म्हणून. पूर्ण लेखात मी त्या अटीच्याच मागं लागणार आहे, कंटाळा आला तरी सहन करा.

लिहायची पद्धत: चलासाठी मी क्ष वापरतोय, तुम्ही वहीत नेहमीसारखं एक्स लिहा. फंक्शन म्हणजे फ(क्ष), ग(क्ष). आणि "लिम (क्ष→२)" म्हणजे क्ष दोनच्या जवळ जाताना.

आधी आकडे टाकून बघा

व्याख्या बाजूला ठेवा. हे घ्या:

फ(क्ष) = (क्ष² − ४)/(क्ष − २)

इथं क्ष = २ टाकता येत नाही, खाली शून्य येतंय. मग दोनच्या आसपासचे आकडे टाका:

क्ष = १.९ → ३.९
क्ष = १.९९ → ३.९९
क्ष = १.९९९ → ३.९९९
क्ष = २.००१ → ४.००१
क्ष = २.०१ → ४.०१
क्ष = २.१ → ४.१

दोन्हीकडनं उत्तर ४ कडे सरकतंय. म्हणून लिमिट ४. फंक्शनला २ वर किंमतच नाही तरी लिमिट आहे, आणि नेमकी हीच गोष्ट पचायला वेळ लागतो.

सात रस्ता चौक डोळ्यासमोर आणा. समजा चौकाच्या बरोबर मधे पाइपलाइनसाठी खड्डा खणलाय (सोलापूरकरांना समजा म्हणायची गरज नाही). एक जण रंगभवनकडनं येतोय, दुसरा बरोबर समोरनं. खड्ड्यात कोणीच उतरणार नाही, पण दोघं कुठल्या जागेकडं येतायत हे लांबनंसुद्धा सांगता येतं. लिमिट विचारतं ते एवढंच, कुठं येताय. त्या जागेवर डांबर आहे, खड्डा आहे की कोणी बॅरिकेड टाकलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि दोघं वेगवेगळ्या जागी येत असतील तर लिमिट नाही, विषय संपला.

पायरी १: किंमत टाका आणि काय येतंय ते बघा

कुठलंही गणित असो, पहिलं काम हेच. फॅक्टर पाडू का, रॅशनलाइज करू का, हा विचार नंतर. कच्च्या कामाच्या जागेत किंमत टाकायची, मग तीनपैकी एक काहीतरी होतं. सरळ एखादा आकडा येतो, तर नियम लावून काम संपलं. खाली शून्य आणि वर शून्य नसलेला आकडा येतो, मग कुठल्याही आकड्याएवढं लिमिट मिळणार नाही, चिन्हं तपासायची. किंवा ०/० येतं, म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही, काम आता सुरू झालं.

पेपरात निम्मा वेळ वाया जातो तो ही पायरी न केल्यामुळं. प्रश्नात वर्गमूळ दिसलं की पोरं लगेच वर-खाली गुणायला लागतात, आणि खाली बघितलं तर भाजकाचं लिमिट ७ येत असतं, सरळ किंमत टाकून दोन ओळीत सुटणारं गणित.

पायरी २: नियम, एकदाच नीट

पायाला दोन गोष्टी. स्थिर आकड्याचं लिमिट तो आकडाच. आणि क्ष→अ असताना क्षचं लिमिट अ. बाकी सगळं यांच्यावर रचलेलं.

लिम फ(क्ष) = ल आणि लिम ग(क्ष) = म, दोन्ही अस्तित्वात आहेत आणि आकडे आहेत असं धरून:

बेरीज-वजाबाकी: लिम (फ ± ग) = ल ± म
आकड्याने गुणणं: लिम (क·फ) = क·ल
गुणाकार: लिम (फ·ग) = ल·म
भागाकार: लिम (फ/ग) = ल/म, म शून्य नसेल तरच
घात: फ च्या पूर्ण घाताचं लिमिट म्हणजे ल चा तोच घात
मूळ: घनमुळासारखं विषम मूळ असेल तर बिनधास्त आत जा, वर्गमूळ असेल तर ल धन असला पाहिजे (शून्य असेल तर आतली किंमत आसपास ऋण होत नाही ना ते बघा)

एक उदाहरण अगदी सावकाश, प्रत्येक ओळीला कुठला नियम लागला ते बघत:

लिम (क्ष→३) (२क्ष² − ५क्ष + ४)
= लिम २क्ष² − लिम ५क्ष + लिम ४ (बेरीज-वजाबाकी)
= २·लिम क्ष² − ५·लिम क्ष + ४ (आकडा बाहेर, स्थिराचं लिमिट)
= २·(लिम क्ष)² − ५·३ + ४ (घात)
= २·९ − १५ + ४ = ७

आता उघड दिसतंय की सरळ ३ टाकला असता तरी ७ च आलं असतं. बहुपदीला हे नेहमी चालतं, आणि का चालतं त्याचं कारण वरच्या चार ओळी. एकदा हे असं लांबलचक लिहून बघा, नंतर आयुष्यभर सरळ किंमत टाका, कोणी अडवणार नाही.

भागाकाराचं: लिम (क्ष→३) (क्ष² + १)/(क्ष − १). खालचं लिमिट २, शून्य नाही, अट पाळली, उत्तर १०/२ = ५. मुळाचं: लिम (क्ष→३) √(क्ष² + ७) = √१६ = ४. झालं, यात जास्त रेंगाळायचं कारण नाही.

त्या अटीबद्दल

इथं मात्र रेंगाळायचंय.

लिम (क्ष→०) क्ष·(१/क्ष) घ्या. गुणाकाराचा नियम डोळे झाकून लावला तर लिम क्ष = ०, आणि शून्याला कशानेही गुणलं तर शून्य, म्हणून उत्तर ०. बरोबर वाटतंय ना? पण क्ष·(१/क्ष) म्हणजे क्ष शून्य नसताना चक्क १. मग लिमिट १. चूक कुठं झाली तर १/क्ष चं लिमिट शून्यापाशी नाहीच, उजवीकडनं ते वर पळतं आणि डावीकडनं खाली, मग "लिमिटचा गुणाकार" करायला दुसरं लिमिट हातात होतं कुठं? नसलेल्या गोष्टीला शून्याने गुणून शून्य काढलं.

बेरजेतही तसंच. १/क्ष आणि −१/क्ष, दोघांनाही शून्यापाशी लिमिट नाही, बेरीज मात्र ०, तिचं लिमिट मजेत ०. म्हणजे तुकड्यांची लिमिट नाहीत यावरनं पूर्णाचं लिमिट नाही असं म्हणता येत नाही.

मग यातनं एमसीक्यूवाल्यांचा एक आवडता प्रश्न निघतो: फ चं लिमिट आहे, ग चं नाही, तर फ + ग चं असू शकतं का? नाही. कारण असतं तर ग = (फ + ग) − फ, उजवीकडच्या दोघांची लिमिट आहेत, वजाबाकीचा नियम लागू, मग ग चं पण लिमिट निघायला पाहिजे, आणि ते तर नाहीये. बघा, नियम उत्तर काढायला वापरला नाही, एखादी गोष्ट होऊ शकत नाही हे दाखवायला वापरला. पण हेच गुणाकाराला लावायला जाऊ नका, तिथं फ चं लिमिट शून्य असेल तर काहीही होऊ शकतं, वर क्ष·(१/क्ष) बघितलंच.

म्हणून सवय अशी लावा: तोडायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, याचं लिमिट आहे का? आहे, आहे, आहे, मग तोडा. एकावर जरी अडलं तर थांबा, आधी रूप बदला.

पायरी ३: ०/० आलं तर

वहीत हमखास दिसणारी ओळ:

लिम (क्ष→२) (क्ष² − ४)/(क्ष − २) = ०/० = ०

काही जण शेवटी १ लिहितात, काही जण "व्याख्या नाही" लिहून पुढच्या गणिताला जातात. आणि शेजारी बसलेला मित्र "खाली शून्य आलं की बे, आता काय करलालाव?" असं विचारून अजून गोंधळ वाढवतो. ०/० हे उत्तर नाही. भागाकाराच्या नियमाची अट मोडली एवढाच त्याचा अर्थ, नियम इथं गप्प बसतो. म्हणून ०/० बरोबरच्या चिन्हापुढं लिहायचंच नाही, बाजूला पेन्सिलने लिहा.

आता खरी मेख. वर फॅक्टर पाडले, (क्ष − २)(क्ष + २), आणि खालच्या (क्ष − २) बरोबर खोडून टाकलं. कोणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच पाहिजे, की शून्याने भागायचं नसतं म्हणता आणि इथं सरळ खोडताय? उत्तर: क्ष→२ म्हणजे क्ष दोनच्या जवळ, पण दोन नाही. म्हणून क्ष − २ शून्य नाही, कितीही बारीक असलं तरी शून्य नाही, म्हणून खोडता येतं. खोडल्यावर जे क्ष + २ उरलं ते मूळ फंक्शनशी सगळीकडे जुळतं, फक्त क्ष = २ ही एक जागा सोडून, आणि लिमिट त्या एका जागेकडं बघतच नाही. मग या नव्या क्ष + २ वर नियम लावायचे, तिथं काही अडचण नाही, ४.

वहीत ही ओळ न विसरता लिहा: "क्ष→२, म्हणजे क्ष ≠ २, म्हणजे क्ष − २ ≠ ०". ती नसली तर खोडलेलं बरोबर का आहे हे वाचणाऱ्याला दिसतच नाही.

हे ०/० मुद्दाम कोणी पोरांना छळायला काढलेलं नाही. सिग्नल हिरवा झाल्यावर समजा बाइक ट सेकंदात ट² मीटर जाते. बरोबर तिसऱ्या सेकंदाला स्पीड किती? तीन ते ३ + ह सेकंदात सरासरी स्पीड ((३ + ह)² − ९)/ह. ह = ० टाकलं की ०/०, कारण शून्य वेळात शून्य अंतर. पण वर सोडवलं तर (६ह + ह²)/ह = ६ + ह, आणि ह→० ला ६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २१.६ किलोमीटर. स्पीडोमीटरचा काटा दाखवतो तेच. डेरिव्हेटिव्ह म्हणजे पुढं हेच, दर वेळी ०/० मधनंच बाहेर यायचं असतं.

रूप बदलायचे मुख्य मार्ग असे.

फॅक्टर: लिम (क्ष→२) (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ४). वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष − २)(क्ष + २). खोडून (क्ष − ३)/(क्ष + २), आता खालचं लिमिट ४, नियम चालू, उत्तर −१/४. फॅक्टर सुचत नसेल तर एक धागा लक्षात ठेवा: बहुपदीत अ टाकून शून्य आलं म्हणजे (क्ष − अ) हा फॅक्टर असणारच, मग भागाकार करून बाहेर काढा, अंदाज बांधत बसू नका.

रॅशनलाइज: लिम (क्ष→०) (√(क्ष + ९) − ३)/क्ष. वर-खाली √(क्ष + ९) + ३ ने गुणा. वर क्ष + ९ − ९ = क्ष उरतो, खालच्या क्ष शी खोडला, राहिलं १/(√(क्ष + ९) + ३), उत्तर १/६. खालचा कंस गुणून मोकळा करत बसू नका, पोरं हमखास करतात आणि मग खोडायचा क्ष त्या गर्दीत हरवतो.

अपूर्णांकात अपूर्णांक: लिम (क्ष→५) (१/क्ष − १/५)/(क्ष − ५). वरचं एकत्र केलं की (५ − क्ष)/(५क्ष). आता ५ − क्ष आणि क्ष − ५ हे एकसारखे दिसतात पण खोडल्यावर −१ उरतं, १ नाही. म्हणून −१/(५क्ष), उत्तर −१/२५. या चिन्हापायी गेलेले मार्क गोळा केले तर अख्ख्या वर्गाला पास करता येईल.

आणि घाताचा फॉर्म्युला, जो पुस्तकात चौकटीत असतो: (क्ष⁵ − ३२)/(क्ष − २) मधे क्ष→२. ३२ म्हणजे २⁵. घात पुढं उतरतो आणि वर एक कमी होतो, ५·२⁴ = ८०. वर-खाली दोन्हीकडं घात असेल, जसं (क्ष⁵ − ३२)/(क्ष³ − ८), तर अंशाला आणि छेदाला दोघांनाही (क्ष − २) ने भागा. वरचं लिमिट ८०, खालचं ३·२² = १२, शून्य नाही, मग भागाकाराचा नियम, २०/३.

खाली शून्य, वर शून्य नाही

लिम (क्ष→३) (क्ष + १)/(क्ष − ३). वर ४, खाली ०. इथं फॅक्टरबिक्टर काही नाही, चिन्हं बघा. ३ च्या जरा उजवीकडं, ३.००१, खाली धन, उत्तर ४००१ सारखं मोठं. डावीकडं २.९९९, खाली ऋण, उत्तर मोठं पण ऋण. दोन टोकं दोन दिशांना, लिमिट नाही. १/(क्ष − ३)² असतं तर दोन्हीकडनं वरच गेलं असतं, तिथं ∞ लिहितात. पण ∞ हा आकडा नाही, त्याला घेऊन वरचे नियम लावायचे नाहीत, ∞ − ∞ = ० असं तर अजिबात नाही.

एका बाजूचं लिमिट (क्ष फक्त डावीकडनं किंवा फक्त उजवीकडनं येताना) लागतं ते मुख्यतः तीन ठिकाणी: मॉड्युलस, पूर्णांकाचा चौकोनी कंस, आणि तुकड्यांनी दिलेलं फंक्शन. |क्ष − ४|/(क्ष − ४) हे ४ च्या उजवीकडं कायम १, डावीकडं कायम −१, लिमिट नाही. [क्ष], म्हणजे क्षपेक्षा मोठा नसलेला सगळ्यात मोठा पूर्णांक, त्याला ३ पाशी डावीकडनं २, उजवीकडनं ३, तेही नाही. तुकड्यांच्या फंक्शनात ज्या जागी तुकडे जोडलेत तिथंच दोन्ही बाजू काढायच्या, बाकी ठिकाणी उगाच दोन-दोन लिमिट काढून पानं भरू नका.

साइन, कॉस आणि सँडविच

लिम (क्ष→०) क्ष²·साइन(१/क्ष). गुणाकाराचा नियम? नाही चालत. साइन(१/क्ष) शून्यापाशी १ आणि −१ च्या मधे थैमान घालतं, कुठंच स्थिरावत नाही, म्हणजे दुसऱ्या तुकड्याला लिमिट नाही. पण साइन कधी −१ च्या खाली आणि १ च्या वर जात नाही, म्हणून

−क्ष² ≤ क्ष²·साइन(१/क्ष) ≤ क्ष²

दोन्ही कडा शून्याकडं जातात, मधलं दाबून शून्यावरच येणार. यालाच सँडविच थिअरम म्हणतात. नियम जिथं हात वर करतात तिथला हा उपाय.

त्याच थिअरममधनं निघालेलं सगळ्यात कामाचं लिमिट: लिम (थ→०) साइन थ/थ = १. अट, पुन्हा अट: थ रेडियनमधे. घरी कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून ताळा बघायला गेलात तर ०.०१७४५ असलं काहीतरी येईल, ते π/१८० आहे, फॉर्म्युला चुकलेला नाही.

वापरायचं कसं: साइनच्या आत जे आहे तेच खाली पाहिजे. लिम (क्ष→०) साइन ५क्ष/साइन ३क्ष साठी अंशाला ५क्ष ने भागून गुणा, छेदाला ३क्ष ने:

((साइन ५क्ष/५क्ष)·५क्ष) ÷ ((साइन ३क्ष/३क्ष)·३क्ष)

क्ष खोडला, उरलं ५/३. आणि कॉस आलं की १ + कॉस ने गुणा: (१ − कॉस क्ष)/क्ष² वर-खाली गुणल्यावर साइन² क्ष/(क्ष²(१ + कॉस क्ष)), म्हणजे १·१/२ = १/२. खात्री नसेल तर क्ष = ०.१ टाकून बघा, ०.४९९६ येतं.

क्ष अनंताकडं जाताना

(३क्ष² + २क्ष)/(५क्ष² − १). दोन्हीकडं ∞, नियम लागू नाही कारण लिमिटच नाहीत. वर-खाली छेदातल्या सगळ्यात मोठ्या घाताने, क्ष² ने, भागा: (३ + २/क्ष)/(५ − १/क्ष²). आता प्रत्येक तुकड्याचं लिमिट आहे, ३/५.

यातला फसवा प्रकार म्हणजे लिम (क्ष→∞) (√(क्ष² + क्ष) − क्ष). बघितल्या बघितल्या वाटतं की मोठ्या क्ष ला तो जास्तीचा क्ष मुळात कुठं दिसणार, √क्ष² म्हणजे क्ष, वजा क्ष, शून्य. क्ष = १०० टाका: √१०१०० = १००.४९८८, वजा १००, म्हणजे ०.४९८८. शून्य तर नाहीच. रॅशनलाइज केलं की क्ष/(√(क्ष² + क्ष) + क्ष), वर-खाली क्ष ने भागून १/(√(१ + १/क्ष) + १), उत्तर १/२.

एल हॉस्पिटलचा रूल वापरू का?

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतोच, कारण कोणाचा तरी दादा इंजिनिअरिंगला असतो आणि त्याने शॉर्टकट सांगितलेला असतो: ०/० आलं की वरचं आणि खालचं वेगवेगळं डिफरन्शिएट करा, मग लिमिट काढा. रूल खरा आहे, १६९६ मधे एल हॉस्पिटलच्या नावाने छापला गेला, काढला होता योहान बर्नुलीने. पण अकरावीच्या लेखी पेपरात नको. एक तर तिथं पद्धतीला मार्क असतात. दुसरं, साइन थ/थ त्याने सोडवायचं म्हणजे साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते डेरिव्हेटिव्ह सिद्ध करायला साइन थ/थ च लागतं, गोल गोल फिरणं झालं. सीईटीत ९० मिनिटात गणिताचे ५० प्रश्न असतात, तिथं बेशक वापरा, पण तिथंही आधी किंमत टाका. (क्ष² + १)/(क्ष + २) मधे क्ष→१ ला सरळ २/३ येतं, आणि न बघता वरचं-खालचं डिफरन्शिएट केलं तर २क्ष/१ = २ येतं. आणि पर्यायात २ दिलेला असतोच, पेपर काढणारे बावळट नसतात.

लिहिताना

"लिम" हा शब्द किंमत टाकेपर्यंत प्रत्येक ओळीत पाहिजे. मधेच गाळला की (क्ष² − ४)/(क्ष − २) = ४ असं काहीतरी होतं, जे साफ खोटं आहे. आणि किंमत टाकल्यावर "लिम" राहू द्यायचं नाही. बस, लिहिण्याबद्दल एवढंच.

आता स्वतः करा

१) क्ष→३: (क्ष² − ९)/(क्ष² − क्ष − ६)
२) क्ष→२: (√(क्ष + ७) − ३)/(क्ष − २)
३) क्ष→१: (क्ष⁷ − १)/(क्ष⁴ − १)
४) क्ष→०: साइन ४क्ष/(क्ष² + २क्ष)
५) क्ष→१: |क्ष − १|·साइन(१/(क्ष − १))
६) क्ष→२: (क्ष² + १)/(क्ष − २)²
७) क्ष→२ ला (क्ष² + अक्ष − ६)/(क्ष − २) चं लिमिट आकडा म्हणून येतं, तर अ किती आणि लिमिट किती?

उत्तरं: ६/५, १/६, ७/४, २, ०, सहावं दोन्हीकडनं ∞. सातव्यात "खाली शून्य आहे म्हणून वरही शून्य पाहिजे" एवढं लिहून पोरं पुढं जातात, पण का पाहिजे? कारण अंश = भागाकार × छेद. भागाकाराचं लिमिट आहे असं दिलंय, छेदाचं लिमिट आहे आणि ते ०, दोघांची लिमिट आहेत म्हणून गुणाकाराचा नियम इथं हक्काने लागतो आणि अंशाचं लिमिट ० येतं. मग ४ + २अ − ६ = ०, अ = १, वर (क्ष − २)(क्ष + ३), लिमिट ५.